‘एकोज’च्या मैफली शेजारी ठेवून कशा ऐकाव्यात

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक संचाच्या ‘एकोज’ या गाण्याच्या प्रत्यक्ष मैफलींची ध्वनिमुद्रणे आज अधिकृतपणे इतकी उपलब्ध आहेत की ती एकापाठोपाठ एक लावून ‘यातली सर्वांत सरस कोणती’ याचा निकाल देऊन मोकळे व्हावे, असा मोह कोणालाही होईल. तसा निकाल देण्यात गैर काही नाही, पण त्यातून हाती फारसे काही लागत नाही. साडेतेवीस मिनिटांच्या गाण्यात एका मैफलीची सुरुवात उत्तम असते, दुसरीचा मधला भाग, तर तिसरीत केवळ एकच जागा अशी असते की जिच्यामुळे बाकी सगळे विसरायला होते. अशा गाण्याची तुलना करायची तर आधी काय ऐकायचे हे ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात जी पद्धत सुचवली आहे तिचा भर गाण्याच्या भागांपेक्षा त्या भागांमधल्या सांध्यांवर आहे. याचे कारण गाण्याच्या जन्मातच सापडते.

१९७१ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत संचातले रॉजर वॉटर्स (बेस), डेव्हिड गिलमोर (गिटार), रिचर्ड राइट (पियानो-ऑर्गन) आणि निक मेसन (ड्रम) हे चौघे जमले तेव्हा त्यांच्याजवळ तयार गाणे नव्हते. त्यांनी सुटे सुटे तुकडे ध्वनिमुद्रित केले, त्यांना ‘नथिंग’ असे नाव देऊन नुसते क्रमांक घातले आणि त्यांतले जमतील ते तुकडे एकमेकांना जोडत गेले. त्यांतला चौदावा तुकडा २०१६ साली ‘द अर्ली इयर्स’ या संचातून बाहेर आला आणि ज्यांना हा सगळा प्रकार मुळापासून ऐकायचा आहे त्यांनी तो अवश्य ऐकावा. ‘मेडल’ या अल्बमची अख्खी दुसरी बाजू व्यापणारे गाणे असे तुकड्यांतून उभे राहिले. स्टुडिओत तुकडे जोडणे सोपे असते, कारण एका फितीचा आवाज कमी करत नेऊन दुसरीचा वाढवत आणला की काम भागते. मंचावर मात्र चार माणसांना वाजवता वाजवताच एका भागातून दुसऱ्या भागात जावे लागते, कोणीतरी आधी थांबावे लागते, कोणीतरी खूण द्यावी लागते आणि उरलेल्यांना ती ओळखावी लागते. म्हणून वादक एकमेकांचे किती ऐकत आहेत, हे या गाण्यात सांध्यांवर जितके कळते तितके दुसरीकडे कुठेही कळत नाही.

पहिली पायरी : मूळ गाण्याचा नकाशा

सुरुवात ‘मेडल’वरच्या ध्वनिमुद्रणानेच करावी. ते पाठ असले तरी यावेळी वही घेऊन ऐकावे आणि प्रत्येक भाग कुठे सुरू होतो ते मिनिटांनिशी लिहावे. सेकंदाचा काटा धरण्याची गरज नाही, अंदाजे वेळ पुरते. आरंभी उंच पट्टीतला एकच टोकदार सूर पुन्हा पुन्हा वाजतो. मग हळूहळू पियानो, गिटार, बेस आणि ड्रम त्यात मिसळत जातात आणि तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास गिलमोर आणि राइट यांच्या जोडस्वरात पहिले कडवे येते. दुसऱ्या कडव्यानंतर गिटारचे एकल वादन, मग अर्ध्याअर्ध्या सुरांनी घसरत जाणारी ती सुप्रसिद्ध धून, आणि सातव्या मिनिटाच्या आसपास ठाशीव फंक ठेका सुरू होतो. अकरा मिनिटे उलटून गेल्यावर हा ठेका विरतो आणि त्याच्या जागी वारा, कावळ्यांचा कलकलाट आणि कुठल्यातरी प्रचंड प्राण्याने फोडावा तसा आक्रोश ऐकू येतो. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास तो पहिला सूर परततो, त्याच्या आधाराने गाणे पुन्हा उभे राहत जाते, एकोणिसाव्या मिनिटानंतर तिसरे कडवे येते आणि शेवटी मानवी आवाजांसारखा एक स्वरपुंज वर वर चढत नाहीसा होतो.

हा नकाशा लिहून झाला की त्यावर चार ठिकाणी खुणा कराव्यात. पहिली खूण एकट्या सुरातून वाद्यमेळ उभा राहतो तिथे, दुसरी फंक ठेका संपून वारा सुरू होतो तिथे, तिसरी वाऱ्यातून तो सूर परत येतो तिथे आणि चौथी शेवटी. हेच आपले चार सांधे. फंक ठेक्यात शिरण्याची जागाही कोणी पाचवी म्हणून धरू शकेल, परंतु तिथे घसरती धून सगळ्यांना हाताला धरून नेते. त्यामुळे बिघडण्याला फारसा वाव राहत नाही आणि म्हणूनच तुलनेलाही ती जागा तितकी बोलकी नाही.

एक-दोन तांत्रिक गोष्टी याच टप्प्यावर समजून घेतलेल्या बऱ्या. तो पहिला सूर म्हणजे राइटने वाजवलेल्या पियानोचा सूर, तो लेस्ली स्पीकरमधून बाहेर काढलेला आहे. लेस्ली स्पीकरच्या पेटीत ध्वनीचे भोंगे प्रत्यक्ष गोल फिरतात आणि त्यामुळे सुराला एक लहर येते. पट्टी दाबली त्या क्षणी भोंगा कोणत्या दिशेला होता यावर ती लहर अवलंबून असल्याने एकाच मैफलीतले लागोपाठचे दोन सूरही तंतोतंत सारखे नसतात. घरात बाजाची पेटी असेल तर हे करून पाहावे : गाणे काळी एकमध्ये आहे, पण हा सूर पांढरी सातचा, म्हणजे षड्जाच्या हिशेबाने कोमल निषाद आहे. गाणे सुरू होताना आपला पाय जमिनीला लागलेला नाही असे जे वाटत राहते त्याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे, बेस केव्हा येतो यात.

मधल्या आक्रोशाचे मूळ याहून गमतीचे आहे. गिटारला जोडायच्या वाह-वाह पेडलच्या (पायाने दाबून गिटारचा आवाज ‘वा-वा’ असा वळवणाऱ्या साधनाच्या) केबल उलट्या जोडल्या की ते पेडल स्वतःच किंचाळू लागते, आणि मग पाय पेडलवर ठेवून गिटारची बटणे फिरवली की ती किंकाळी वर-खाली होते. तारा छेडण्याचा इथे फारसा संबंधच नाही. हा आवाज त्या पेडलच्या, गिटारच्या आणि त्या दिवशीच्या जोडणीच्या स्वभावावर ठरतो, त्यामुळे दोन मैफलींतले आक्रोश एकमेकांसारखे नाहीत याचे श्रेय किंवा दोष नेहमी वादकाच्या पदरात टाकता येत नाही. त्याखालचा वारा बहुतांशी वॉटर्सचा आहे. बेस गिटारच्या तारांवर स्लाइड (बोटात घालायची गुळगुळीत नळी) घासून तो आवाज बिन्सन एकोरेक या प्रतिध्वनियंत्रातून काढलेला असतो.

दुसरी पायरी : कोणती ध्वनिमुद्रणे घ्यावीत

चार पुरेत. दहा घेतली तर तिसऱ्या दिवशी सगळी एकमेकांत मिसळतात. निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात : काळ वेगळा असावा, मंचावरची माणसे वेगळी असावीत आणि ध्वनिमुद्रण अधिकृत व ऐकण्याजोगे असावे. पहिली दोन एकाच काळातली आणि त्याच चौघांची असली, तरी एकूणात या कसोटीवर पुढील चार उतरतात.

पहिले, बीबीसीसाठी ३० सप्टेंबर १९७१ रोजी लंडनच्या पॅरिस सिनेमा या छोट्या सभागृहात मुद्रित झालेले आणि १२ ऑक्टोबरला प्रसारित झालेले. जॉन पील यांच्या निवेदनासह झालेली ही मैफल ‘द अर्ली इयर्स’मध्ये आहे. हे ऐकताना एक गोष्ट विसरू नये. ‘मेडल’ अजून बाजारात आलेला नव्हता, तो अमेरिकेत ऑक्टोबरच्या अखेरीस आणि ब्रिटनमध्ये नोव्हेंबरमध्ये आला. गाणे २२ एप्रिलला नॉर्विचमध्ये पहिल्यांदा मंचावर आले, तेव्हा त्याचे नावही वेगळे होते आणि सुरुवातीच्या शब्दांत ग्रहताऱ्यांची भाषा होती. म्हणजे बीबीसीच्या सभागृहातल्या बहुतेकांपाशी तुलनेसाठी कोणतीही मूळ प्रत नव्हती आणि वादकांवरही एखाद्या मूळ प्रतीचे ओझे नव्हते.

दुसरे, त्यानंतर काही दिवसांतच, ऑक्टोबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात इटलीतील पॉम्पेईच्या प्राचीन खुल्या रंगमंडळात एड्रियन मेबन यांनी चित्रित केलेले. समोर प्रेक्षक नाहीत, फक्त चित्रीकरणाचा ताफा. वाद्ये खरोखर वाजवायची, ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ हलवायचे नाहीत, ही अट वादकांनीच घातली होती. तिथे पुरेशी वीज मिळेना, तेव्हा गावातून लांबलचक केबल ओढून वीज आणावी लागली आणि मोजक्या दिवसांतले बरेचसे त्यातच गेले. हा चित्रपट २०२५ मध्ये नव्याने दुरुस्त होऊन चित्रपटगृहांत आला आणि स्टीव्हन विल्सन यांनी केलेल्या नव्या मिक्ससह (म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या नव्या जुळणीसह) त्याचा अल्बमही निघाला. शक्य असेल तर हीच प्रत घ्यावी.

तिसरे, नोव्हेंबर १९७४ मध्ये लंडनच्या वेम्बली एम्पायर पूलमधले. मधल्या काळात ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा त्यांचा गाजलेला अल्बम येऊन गेला होता, सभागृहे मोठी झाली होती आणि मंचावर चौघांखेरीज सॅक्सोफोनवादक डिक पॅरी आणि व्हेनेटा फील्ड्स व कार्लेना विल्यम्स या दोन गायिका होत्या. ‘एकोज’ आता मैफलीच्या अगदी अखेरीस, श्रोत्यांच्या आग्रहानंतर वाजत असे.

चौथे, २६ ऑगस्ट २००६ रोजी पोलंडमधील ग्दान्स्कच्या जहाजबांधणी गोदीत गिलमोरने स्वतःच्या संचासह केलेले. सॉलिडॅरिटी या पोलिश कामगार चळवळीच्या वर्धापनानिमित्त ही मैफल झाली. राइट शेजारी होता, वॉटर्स आणि मेसन नव्हते, ड्रमवर स्टीव्ह डिस्टॅनिस्लाव, बेसवर गाय प्रॅट, दुसऱ्या गिटारवर फिल मॅन्झानेरा, जोडीच्या कीबोर्डवर जॉन कॅरिन. हा अल्बम २२ सप्टेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाला, राइटच्या मृत्यूनंतर अवघ्या एका आठवड्याने.

ज्यांना पाचवे हवेच असेल त्यांनी २६ एप्रिल १९७५ चे लॉस एंजेलिसचे ध्वनिमुद्रण घ्यावे. माइक मिलार्ड या हौशी ध्वनिमुद्रकाने ते श्रोत्यांत बसून केले. उपकरणे आत नेण्यासाठी तो चाकाच्या खुर्चीत बसून जात असे, अशी त्याची ख्याती आहे. वर्षानुवर्षे हे ध्वनिमुद्रण चोरट्या मार्गाने फिरत होते, ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या संचात ते अखेर अधिकृत झाले. मात्र ते पहिल्या फेरीत नको. सभागृहाचा घुमारा आणि आजूबाजूच्या लोकांचा गलका यांतून वाट काढायला कान आधी तयार असावा लागतो.

तिसरी पायरी : ऐकण्याच्या अटी सारख्या करणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग उरलेली सगळी मेहनत वाया जाते. दोन ध्वनिमुद्रणांपैकी जे किंचित मोठ्या आवाजात वाजते ते कानाला अधिक जिवंत, अधिक स्पष्ट वाटते, मग वादन कसेही असो. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा आवाज आधी जुळवून घ्यावा. त्यासाठी आरंभीचा एकटा सूर उपयोगाचा नाही, कारण मिक्स करणाऱ्याने तो कुठे किती पुढे ठेवला आहे हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. फंक ठेक्यातली तीस सेकंदे घ्यावीत, चारही ध्वनिमुद्रणांतली ती सेकंदे पाठोपाठ वाजवावीत आणि ड्रम साधारण एकाच अंतरावरून ऐकू येतील असा आवाज लावून त्याचे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

हेडफोन आणि स्पीकर दोन्ही वापरावेत, पण एका फेरीत एकच. वाऱ्याच्या भागातले बारीक तपशील हेडफोनवर कळतात. बेस आणि ड्रम यांचे नाते मात्र स्पीकरवर, खोलीतल्या हवेत अधिक नीट उमगते. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर वॉटर्सचा बेस जवळजवळ नाहीसाच होतो, तेव्हा त्यावर काढलेले कोणतेही अनुमान वहीत न गेलेले बरे.

अनधिकृत फिती ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक दक्षता आहे. फितीचा वेग चुकलेला असेल तर सूर आणि वेळ दोन्ही बदलतात. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक, आणि साडेतेवीस मिनिटांच्या गाण्यात तो जवळपास दीड मिनिटाचा होतो. ‘या मैफलीत किती घाईने वाजवले आहे’ असा शेरा मारण्याआधी पेटीवर काळी एक दाबून पाहावी किंवा फोनवरचे तानपुऱ्याचे ॲप त्या सुरात लावावे. गाणे काळी एकच्या वर किंवा खाली बसत असेल तर दोष फितीचा आहे आणि ती दुरुस्त केल्याखेरीज तिच्यावर लयीविषयी बोलू नये.

चौथी पायरी : सांध्यांवर थांबणे

आता प्रत्यक्ष तुलना. पूर्ण गाणी सलग ऐकण्याऐवजी एक सांधा घ्यावा आणि तो चारही ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐकावा. सांध्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन मिनिटे पुरतात.

पहिल्या सांध्यावर विचारायचा प्रश्न असा : एकटा सूर वाजत असताना दुसरा माणूस केव्हा आत येतो आणि तो कशासाठी येतो? १९७१ च्या दोन्ही ध्वनिमुद्रणांत राइट त्या सुराला भरपूर मोकळी जागा देतो. गिटार येते तीही आपण आलो हे जाहीर न करता. ग्दान्स्कमध्ये श्रोते पहिल्याच सुराला गाणे ओळखतात, जल्लोष उसळतो आणि वादकांना त्या जल्लोषातूनच शांतता पुन्हा मिळवावी लागते. ही परिस्थितीच वेगळी आहे. तेव्हा ‘सुरुवातीला धीर कमी’ असा शेरा देण्यापूर्वी जल्लोष ओसरायला किती सूर जावे लागले हे मोजून पाहावे.

दुसरा सांधा सर्वांत महत्त्वाचा आहे. इथे घाई करू नये, किमान दोन बैठका द्याव्यात. स्टुडिओत फंक ठेका वाजत वाजतच दूर जातो आणि वारा त्याच्या खालून वर येतो. ठेका खरे तर संपतच नाही, तो फक्त ऐकू येईनासा होतो. मंचावर हे करायचे म्हणजे ड्रम वाजवणाऱ्याने हळूहळू हात हलका करत जाणे, ऑर्गनने ओळी तोडत जाणे आणि गिटारने ठेक्यातून अंग काढून घेऊन आक्रोशाकडे वळणे, हे सगळे एकाच वेळी आणि तरीही एकमेकांच्या आधी-मागे व्हावे लागते. प्रत्येक वादकाचा शेवटचा ठेक्यातला आघात कोणता, हे कान देऊन शोधावे आणि तो क्रम लिहावा : आधी कोण गेले, मग कोण, शेवटी कोण उरले. हा चार नावांचा क्रम एकदा लिहिला की दोन मैफलींतला फरक वर्णनाच्या पानभर मजकुरापेक्षा अधिक स्वच्छ दिसतो. बीबीसीच्या ध्वनिमुद्रणात या जागी जी किंचित बेफिकिरी आहे ती मला फार आवडते. ठेका जिथे विरायचा तिथे विरू दिला आहे, त्याला कोणी ओढून नेलेले नाही.

वेम्बलीत इथे येईपर्यंत चित्र पालटलेले असते. सॅक्सोफोन आल्यामुळे ज्या काही जागा पूर्वी गिटारच्या होत्या तिथे आता श्वासाचे वाद्य बोलते, आणि श्वासाच्या वाद्याची ओळ संपण्याची तऱ्हाच वेगळी असते. गिटारचा सूर एकोरेकमधून पुढे रेंगाळत ठेवता येतो, सॅक्सोफोनची ओळ मात्र श्वासाशी संपते, मग तिच्यानंतरची पोकळी कोणीतरी भरावी लागते. ही पोकळी कोण भरतो ते वेम्बलीत ऐकावे. गाणे थोडे ‘डार्क साइड’च्या बाजूला झुकते, गायिकांच्या आवाजांमुळे कडव्यांना एक गोलाई येते आणि मूळच्या दोन आवाजांतला काहीसा कोरडा, लांबून आल्यासारखा भाव मागे पडतो. काहींना हे अधिक समृद्ध वाटते. मला कडव्यांपुरते तरी ते अति वाटते. पण फंक ठेक्याचा भाग १९७४ मध्ये अधिक भारदस्त झाला आहे, हे नाकारता येत नाही.

ग्दान्स्कमध्ये फंक ठेक्यात गिलमोरची गिटार आणि राइटचा ऑर्गन यांची जी देवाणघेवाण होते तिच्यासाठी वेगळी बैठक ठेवावी. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती उचलून किंचित वाकवून परत द्यायची. १९७१ मध्ये दोघे शेजारी शेजारी वाजवत होते, २००६ मध्ये ते समोरासमोर बोलतात. हे ऐकताना एक सोपा उपाय करावा. पहिल्यांदा फक्त ऑर्गन ऐकावा, गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करून. ऑर्गनची प्रत्येक ओळ गिटारच्या ओळीच्या कोणत्या सुरावर सुरू होते ते पाहावे. ज्या ओळी गिटारच्या अखेरच्या सुरावरच सुरू होतात त्या उत्तर म्हणून वाजवलेल्या आहेत, बाकीच्या राइटच्या स्वतःच्या आहेत. दुसऱ्या प्रकारच्या ओळी आल्यावर गिलमोर काय करतो, ते ऐकण्यासारखे आहे.

तिसरा सांधा म्हणजे वाऱ्यातून त्या एकट्या सुराचे परतणे. ख्याल ऐकणाऱ्याला लांबच्या तानेनंतर सम येणार हे ठाऊक असते आणि तरीही ती आल्यावर मान हलतेच, तसे इथे होते. ही जागा परिणामकारक होण्यासाठी त्याआधीचा वारा पुरेसा लांब आणि पुरेसा निराधार असावा लागतो. म्हणून इथे घड्याळ वापरावे. ठेक्याचा शेवटचा आघात आणि परतलेला पहिला सूर यांच्यातले अंतर चारही ध्वनिमुद्रणांत मोजून लिहावे. पूर्ण गाण्याची लांबी तुलनेला जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ती सुरुवातीच्या रेंगाळण्यावर आणि शेवटच्या टाळ्यांवर ठरते. हे एक अंतर मात्र खूप काही सांगते. जो संच एवढा वेळ ठेक्याविना, सुराविना, श्रोत्यांना अंधारात बसवून ठेवू शकतो त्याचा स्वतःवर आणि श्रोत्यांवर विश्वास असतो. सूर परतल्यानंतर बेस किती उशिराने येतो, हेही लगोलग लिहावे.

चौथ्या सांध्यापाशी स्टुडिओतला अखेरचा चढता स्वरपुंज आठवावा. तो फितींच्या करामतीतून तयार झालेला आहे आणि मंचावर जशाच्या तसा वाजवण्याजोगा नाही. म्हणून प्रत्येक मैफलीला इथे स्वतःचा शेवट शोधावा लागला आहे. कोणते वाद्य सर्वांत शेवटी ऐकू येते आणि टाळ्या त्याच्या आधी पडतात, त्याच्यावर पडतात की त्यानंतर, एवढेच टिपले तरी चालेल.

पाचवी पायरी : वादन आणि मुद्रण वेगळे काढणे

इथपर्यंत लिहिलेल्या नोंदींवर आता पुन्हा एकदा संशयाने नजर टाकावी. यांतले काय वादकांनी केले आणि काय मिक्स करणाऱ्याने? ऑर्गन ‘मागे पडला’ असे लिहिले असेल तर तो हलका वाजवला होता की मिक्समध्ये खाली ठेवला होता? यासाठी एक चाचणी आहे. हात हलका पडला असेल तर आवाजाची धारही मऊ होते, मिक्समध्ये खाली ठेवला असेल तर धार तशीच राहते, फक्त आवाज दूरचा होतो. ड्रमच्या बाबतीत हा फरक लगेच ओळखू येतो, ऑर्गनच्या बाबतीत थोडा सराव लागतो, कारण ऑर्गनचा जोर बोटांपेक्षा व्हॉल्यूम पेडलवर असतो.

पॉम्पेईच्या बाबतीत तर डोळ्यांवरही विश्वास ठेवू नये. त्या चित्रपटात ‘एकोज’ दोन भागांत तोडले आहे, एक भाग सुरुवातीला आणि दुसरा शेवटी, त्यामुळे जिथे तो कापला आहे तिथल्या सांध्याविषयी चित्रपटावरून काहीही निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय चित्रीकरण अपुरे पडल्याने काही दृश्ये नंतर पॅरिसच्या स्टुडिओत घेऊन मध्ये घातली आहेत. राइटच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवले तर हे सहज पकडता येते : पॉम्पेईत त्याला दाढी आहे, पॅरिसमधल्या तुकड्यांत नाही. ज्या क्षणी दाढी नाहीशी होते त्या क्षणी आपण जे पाहतो आहोत ते आणि जे ऐकतो आहोत ते एकाच वेळचे असेल असे गृहीत धरू नये. म्हणून पॉम्पेईची पहिली फेरी पडद्याकडे पाठ करून, नुसती ऐकूनच करावी. उन्हात तापलेली दगडी आसने, धूळ आणि चौघांवरून संथपणे सरकणारा कॅमेरा यांचा प्रभाव इतका जबर आहे की चित्र पाहून झाल्यावर त्या वादनाविषयी तटस्थपणे बोलणे अवघड जाते. पॉम्पेई हे या गाण्याचे सर्वोत्तम सादरीकरण आहे असे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वादनाइतकेच ते दृश्यही आवडलेले असते. त्यात वावगे काही नाही, पण वहीत ते दोन वेगळ्या रकान्यांत गेले पाहिजे.

सहावी पायरी : लय मोजणे आणि नावे झाकून ऐकणे

लयीचा अंदाज कानाने घेऊ नये, तो फसतो. फंक ठेक्यात वीस सेकंदांत पडणारे आघात मोजावेत आणि तिनाने गुणावे, म्हणजे मिनिटाची लय मिळते. हे ठेक्याच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाकडे एकदा करावे. एका मैफलीची लय दुसरीपेक्षा थोडी जलद आहे यापेक्षा त्याच मैफलीत ठेका पुढे सरकला की मागे रेंगाळला, ही माहिती अधिक मोलाची असते. मेसनचा स्वभाव मागे रेलून वाजवण्याचा आहे. ग्दान्स्कमध्ये डिस्टॅनिस्लावचा ठेका अधिक घट्ट आणि नेमका आहे, आणि आकड्यांत लय जवळपास सारखी निघाली तरी अंगाला तो फरक जाणवतो. असे झाले तर आकडा खोडू नये, दोन्ही लिहावे.

यानंतर घरातल्या कोणाच्या तरी मदतीने नावे झाकून ऐकावे. त्यांनी फंक ठेक्यातला कोणताही एक मिनिट लावायचा आणि आपण फक्त दोन गोष्टी सांगायच्या : ड्रमवर मेसन आहे का, आणि ऑर्गन गिटारच्या मागे आहे, बरोबर आहे की पुढे. ज्या शेऱ्यांवर आपण नाव कळल्यानंतरही ठाम राहतो तेवढेच वहीत पक्के करावेत. नाव कळताच बदलले जाणारे शेरे गिलमोर, राइट किंवा पॉम्पेई या नावांविषयी असतात, त्यांचा त्या संध्याकाळच्या वादनाशी संबंध नसतो.

याच फेरीत बेसकडे स्वतंत्र लक्ष द्यावे. गाय प्रॅट हा वादक इथे अपवादाने महत्त्वाचा आहे. १९८७ च्या दौऱ्यात, जेव्हा वॉटर्सशिवायच्या पिंक फ्लॉइडने सुरुवातीच्या मोजक्या मैफली ‘एकोज’ने उघडल्या आणि मग हे गाणे बाजूला ठेवले, तेव्हा बेसवर तोच होता. २००६ मध्येही तोच, आणि २०२२ पासून निक मेसनच्या ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या संचाने हे गाणे पुन्हा हाती घेतले तेव्हाही तोच. वॉटर्सच्या बेसशी त्याच्या बेसची तुलना करताना घसरत्या धुनेवर आणि वाऱ्यानंतर परतण्याच्या जागेवर कान ठेवावा. वॉटर्स सूर मोजकेच ठेवतो आणि त्यांच्यामधल्या जागेला वजन देतो. प्रॅट अधिक गोलाईने, अधिक सूर भरून वाजवतो. कोणाचे बरे हा प्रश्न इथे उपस्थित करू नये, त्याने उरलेल्या वाद्यांना किती जागा मिळाली एवढेच पाहावे.

मेसनच्या या नव्या संचाची मैफल ऐकायला मिळाली तर ती आपल्या चार ध्वनिमुद्रणांच्या तक्त्यात शेवटच्या ओळीत लिहावी. गिटारवर गॅरी केम्प आणि ली हॅरिस, कीबोर्डवर डॉम बेकन. मूळच्या चौघांपैकी एकटा मेसन. राइटच्या निधनानंतर गिलमोरने त्याच्याशिवाय हे गाणे वाजवणे शक्य नाही अशी भूमिका जाहीरपणे घेतली आणि २०१६ मध्ये तो पुन्हा पॉम्पेईत गेला तेव्हाही ‘एकोज’ वाजवले नाही. त्यामुळे आज मंचावर हे गाणे ऐकायचे तर ड्रमच्या बाजूने ऐकावे लागते. तक्त्यात त्या ओळीसमोर दुसऱ्या सांध्याचा क्रम आधी लिहावा : ठेका सोडताना मेसन कितव्या क्रमांकावर थांबतो, आणि १९७१ च्या बीबीसीच्या नोंदीत तो कितव्या क्रमांकावर थांबला होता.